कडी नको, बॉल कॅच

३ फेब्रुवारी, सोमवार
सिद्धेश आणि समीक्षा घोडबंदरला भाड्याचा फ्लॅट बघतायत. लग्नाला वर्ष नाही झालं. कारण काय, तर त्यांच्या बेडरूमचं दार लागत नाही, आपोआप उघडतं. कडी दिवाळीत मीच काढली, पण ती गंजलेली होती. सून म्हणते, नवी लावू. मी सांगितलं, आपल्यात दिवसाढवळ्या आतून कडी घालत नाहीत, लोक काय म्हणतील. हे म्हणाले, कुठले लोक, तूच तर जातेस आत. यांना संसारातलं काही कळत नाही.
दार मी नीट करणार. मग कोण कुठे जातंय बघते.

४ फेब्रुवारी
कोलशेतच्या हार्डवेअरवाल्याने बॉल कॅच दाखवला. दाराच्या कडेत भोक पाडून नळी बसवायची, तिच्या तोंडाशी स्प्रिंगवर गोळी. चौकटीला पट्टी, पट्टीत खळगा. दार लोटलं की गोळी खळग्यात, टक. दार लागलेलं राहतं, पण नुसतं ढकललं की उघडतं. याला म्हणतात अक्कल. त्यांचं दार बंद आणि मला चहा घेऊन जाता येतं.
सुतार नको. पाव तासाचं काम.

५ फेब्रुवारी
शेजारच्या दिपेशचं ड्रिल आणलं. भोक झकास पडलं, गोळी बसली. दार तरी उघडतंच. संध्याकाळी हे म्हणाले, अगं, बिजागरीच्या बाजूला बसवलीस. म्हटलं, माहितीये, ट्रायल होती.

६ फेब्रुवारी
बरोबर बाजूला बसवली. गोळी वर, खळगा खाली. बिल्डरने चौकटच वाकडी दिलीय. पट्टी सरकवून सरकवून चौकटीची चाळण झाली. समीक्षाची मीटिंग चालू होती, म्हणून मी हळूच आतबाहेर करत दार ट्राय करत होते. तिच्या साहेबांनी स्क्रीनवरून मला नमस्कार केला. समीक्षा म्हणाली, आई, ऑफिसात सगळे ओळखतात तुम्हाला. एवढा मान माहेरी पण नव्हता.

८ फेब्रुवारी, शनिवार
पकड घट्ट यावी म्हणून गोळी स्क्रूने आणखी बाहेर काढली. आत जाऊन कमरेने दार लोटलं. टक. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. मग उघडेना. ओढलं तर हँडल हातात. समीक्षा हॉलमध्ये, कानात ते घालून. ओरडून घसा बसला.
शेवटी बाहेरून टकटक. आई, आत येऊ का, म्हणे. म्हटलं, अगं ढकल की. म्हणे, नको, तुम्ही कामात असाल, न विचारता कसं यायचं. मागे सिद्धेश हसतोय. मग दोघांनी खांदे लावले, तेव्हा चौकटीचा तुकडा घेऊन दार आत आलं.
फिटिंग किती मजबूत झाली बघा. दोन माणसं लागली.

९ फेब्रुवारी, रविवार
फ्लॅट नक्की केला दोघांनी. आमच्यापेक्षा लहान आहे. पण प्रत्येक दाराला कडी आहे, असं समीक्षा दोनदा म्हणाली. मी सिद्धेशला म्हटलं, एक चावी माझ्याकडे देऊन ठेव. तो म्हणाला, आई, बेल आहे. म्हटलं, बेल पाहुण्यांना असते.
समीक्षा म्हणाली, तुम्ही कधीही या आई. फक्त फोन करून.