वचनाचे शेजारी

कळसाडी, ता. ३ फेब्रुवारी १९५८

चि. इंद्रसिंगास थोरल्या बहिणीचा प्रभूमध्ये सलाम.

वि. वि. तुला लाज कशी वाटली नाही, ते आधी सांग. बा पौषापासून खाटेवर आहे, दम लागतो, भाकर दुधात कुस्करून द्यावी लागते. आणि तू नंदुरबारच्या प्रचारकांच्या शाळेतून कार्ड काय टाकतोस, तर नांगराला हात घालून जो मागे पाहतो तो देवाच्या राज्याच्या उपयोगाचा नाही, म्हणून मला येता येत नाही! बाची तब्येत कशी, एवढंही विचारलं नाहीस.

अरे, नांगर तू कधी धरलास? तुझं वाकडं तास बघून बैलसुद्धा एकमेकांकडे बघायचे.

मी बायबलातलं ते पान काढलं. मला बोट ठेवून वाचता येतं, एका पानात चुलीवरची डाळ करपते, पण येतं. मिशनच्या बाईंनी आम्हा बायांना एकच शिकवलं होतं. सोयरीक करताना आपण शेजारीपाजारी विचारतो ना, तसं वचनाचं वरचं-खालचं वाचायचं, कोण कुणाला बोलतोय ते बघायचं. तर येशू जीव द्यायला यरुशलेमेकडे निघालाय, आणि वाटेत लोक म्हणतात, येतो, पण आधी हे, आधी ते. त्या चालढकल करणाऱ्यांना तो बोलला. खाटेवरच्या बापाला पाणी पाजू नका, असं कुठे बोलला ते दाखव. योहानाच्या शुभवर्तमानात उलटंच आहे. खिळे ठोकलेले असताना त्याने आईची सोय लावली. त्याला तेव्हा सवड होती, तुला नाही?

उत्तर धाड.

तुझी बहीण,
मोतीबाई

नंदुरबार, ता. ८ फेब्रुवारी १९५८

ती. मोतीबाईस धाकट्याचा सप्रेम सलाम.

वि. वि. पत्र पोचलं. पाकीट फोडायच्या आधीच कान लाल झाले.

शेजारी विचारायला तू सांगतेस, मग दोनच ओळी वर आधी बापाला पुरून येऊ दे म्हणणारा माणूस उभा आहे, त्याचं दार तू का गाळलंस? सोयीचं नव्हतं म्हणून ना? आणि गेल्या पावसाळ्यात दाजींना हिवताप असताना, जो काम करीत नाही त्याने खाऊ नये, हे वचन त्यांच्या ताटापाशी कोणी म्हटलं होतं? तिथे तर काम करायची इच्छा नसलेल्यांबद्दल लिहिलंय. दाजींना इच्छा होती बिचाऱ्यांना, उठता येत नव्हतं.

तुझं पत्र मी गुरुजींना दाखवलं. ते पोट धरून हसले. मग एकच विचारलं, की ते वचन पुस्तकात नसतं तर तू गेला असतास का?

बाई, तुला म्हणून लिहितो. मागच्या खेपेला मी बापुढे तासभर उपदेश केला, त्यांच्या जुन्या देवांना नावं ठेवली. ते भिंतीकडे तोंड करून निजले, निघताना पाया पडलो तरी वळले नाहीत. ते तोंड पुन्हा बघायची हिंमत होत नाही. आता मोलगीकडे प्रचाराचा दौरा आहे. ईस्टरनंतर नक्की येतो.

दाजींना सलाम. माझ्यावरचा राग अर्धा तरी कमी कर.

तुझा,
इंद्रसिंग

कळसाडी, ता. १२ फेब्रुवारी १९५८

चि. इंद्रसिंगास सलाम.

वि. वि. पकडलंस मला. तो बापाला पुरणारा मी गाळला खरा. ते वचन मला अवघड जातं, पुरतं कळत नाही, आणि कळतं असं सोंग मी आणणार नाही. तुझ्या दाजींना काल दोन भाकरी जास्त वाढल्या. कशाबद्दल ते सांगितलं नाही, तर ते घाबरून जेवले.

आता खरं ऐक. तुझं पहिलं कार्ड मी रागाच्या भरात बाला वाचून दाखवलं. वाटलं, तो चार शिव्या घालेल नि मला बरं वाटेल. त्याने शिवी दिली नाही. त्याने विचारलं, मन्हा इंदरला बापाकडे येऊ न देणारा हा कोण? मग म्हणाला, की वर्षभर तू वाचतेस ते मी ऐकतो, तो येशू कोढी माणसाला हात लावतो, पोरांना जवळ घेतो, मला तो आवडाया लागला होता. पण पोराला बापापासून तोडणारा असेल तर मला नको. तेव्हापासून मी पुस्तक उघडलं की तो भिंतीकडे वळतो.

मी समजावून पाहिलं. तो म्हणतो, तू चुलीपुढची, इंदर शिकलेला, त्याचंच खरं असणार. बघ, तुझ्यावर केवढा विश्वास!

तेव्हा दुधभाकरीसाठी मी तुला बोलवत नाही, ती मी भरवते. तू दोन ओळींत प्रभूच्या नावावर जे खपवलंस, ते तुझ्याच तोंडाने परत घे. उपदेश करू नकोस. खाटेपाशी बस आणि सांग, की प्रभूने अडवलं नव्हतं, मीच भ्यालो होतो. वैद्य ईस्टरचं नाव काढत नाही. मोलगीचे डोंगर कुठे पळून जात नाहीत.

मी तोंडाची फाटकी आहे, पण माया आटलेली नाही, तुझीही आटू देऊ नकोस. येतोस की नाही, ते मंगळवारी दिवस मावळायच्या आत मला कळलं पाहिजे. नाही कळलं, तर तुला अडवणारा कोण होता ते बाला मी सांगेन, तुझं नाव घेऊन.

तुझी बहीण,
मोतीबाई