खळ्यावर पडला म्हणायचं

दादा, सगळ्यात आधी कोण आलं म्हणाल, तर पोलीस नव्हे, माझी चुलतजाऊ. पोलिसांची जीप दारात थांबती न थांबती तोवर ही वाटी घेऊन हजर. "साखर हाय का गं, चहापुरती?" अंगावर वडवणीच्या बाजारातलं नवं लुगडं. साखर मागायला नवं लुगडं! पण ते राहू द्या. तुमची पणती, माझी नात, बातमीदार झाली, हे तुम्हाला कुठं ठाऊक? फोनवर बातम्या देते, मान ताठ, तुमची हलगी गळ्यात असल्यागत. मी येईल त्याला दाखवते, पाहिलेल्यालाही परत दाखवते.

परवा तिनं एका मेंढपाळाची बातमी केली. चोरीच्या संशयावरून ठाण्यात नेलेला, परत आला तर पाठ वांग्यासारखी जांभळी. त्याची बायको माझ्याच चुलीपाशी बसून रडली, फोटो तिनंच दिला. पोरीनं पाठ दाखवली, नाव कुणाचं घेतलं नाही. ठाण्यातले म्हणतात, तो मोटारसायकलवरून पडला. आणि फोटो कुणी दिला, ते त्यांना पाहिजे. नात बीडला गेलेली, म्हणून सायबानं कागद घेऊन गाठलं म्हातारीला.

"आज्जे, इथं सही कर. नातीनं खोटी बातमी दिली, एवढंच हाय. आन् घरी कोण आलतं, ते सांग."

माझा लेक खांबाला टेकून, "कर गं माय, मिटवून टाक." मिटवून टाक! असा राग आला मला. म्हणलं, "सायब, दुसरीपस्तोर शिकले मी. तुमीच वाचा. ओट्यावर हुबं राहून, जोरात. कान गेलेत माझे." त्यानं घसा खाकरून वाचलं, "सदर इसम मोटारसायकलवरून पडून..." आणि मला तुम्ही दिसलात.

मी तुमची परकरातली पोर आहे. चौकीवरून मार खाऊन आलेल्या गड्याचा पाय मोडलाय, आणि पोलीस पाटील तुम्हाला दवंडी द्यायला सांगतो, की तो खळ्यावर पडला. तुम्ही गावचे कोतवाल, नाही म्हणायची सोय नाही. तुम्ही हलगी चुलीपाशी शेकता, कातडं ताणलं की गळ्यात घालता, आणि आळीआळीत ओरडता, "ऐका हो ऐका! पाटलाचा हुकूम हाय, गडी खळ्यावर पडला म्हनायचं हाय!" सगळं गाव हसतंय. संध्याकाळी चावडीवरून येता तर गाल सुजलेला. आई हळद लावते, शिव्या देते. तुम्ही म्हणता, "हुकूम जसाच्या तसा सांगितला. काय चुकलं?"

मला वाटलं, इथंही तसंच होईल. आळी भरली होती दादा, सगळ्यांनी ऐकलं. त्या मेंढपाळाच्या मेंढ्या खतासाठी आपल्या रानात बसवल्या नाहीत, असं एक घर नाही इथं. पण हसलं कुणी नाही. "हे खोटं हाय" म्हणणारंही कुणी निघालं नाही. जाऊ साखर घेऊन गेली ती गेलीच, मागनं दारं लागत गेली. तुमच्या वेळी भिणारे तरी हसत होते.

सही केली नाही. कोण आलं होतं विचारलं, तर म्हणलं, साखर मागायला जाऊ आलती. तो म्हणाला, "आज्जे, शानी हायेस. पुढल्या बारीला बाई पोलीस आणतो." नात फोनवर हसते, आपल्याकडं वकील आहे म्हणते. तिला हसू द्यावं. मी मेंढपाळाच्या बायकोला निरोप धाडलाय, माझ्याकडं फिरकू नको म्हणून.

ही चिठ्ठी टपालात जायची नाही, डाळीच्या डब्यात राहील. एक सांगते, हसू नका. भावानं टाकून दिलेली तुमची हलगी मी आणून ठेवली होती. आज खुंटीवरून काढून चुलीपाशी शेकायला ठेवली. पोरीच्या जातीनं हात लावायचा नाही म्हणायचात. मला वाजवता येत नाही, दादा. गुरुवारी परत येतो म्हणालेत पोलीस.