महिनाभर पुढची तारीख

९ नोव्हेंबर, रविवार

ती परभणीची बाई आज आली. स्वाती नाव. स्कूटीवर, आणि मागे जाळीत बांधलेला हा एवढा मोठा निळा चेंडू. भर बाजारातून तो मिरवत आल्यावर गल्लीत सांगायचं काय राहिलं? महेशने चाकणहून फोनवरच सगळं ठरवून टाकलं. "आई, डौला म्हणतात त्यांना. बाळंतपणात सोबत करतात." म्हटलं, सोबतीला मी मेले का?

अश्विनीला आई नाही, म्हणून बाळंतपण माहेरी नाही, इथेच. मला सून जड झालेली नाही. मग ही तिसरी कशाला?

ती डॉक्टर नाही, नर्स नाही. स्वतःच सांगितलं. "काकू, मी तपासत नाही, सुई देत नाही. काय काय होणार ते आधी समजावून सांगते आणि त्या टायमाला संगं राहते." म्हणजे नक्की काय करते, विचारलं तर हसली. हसणाऱ्या माणसाचा मला भरवसा नाही. चौतीस वर्षं शाळेत काढली. खोटं बोलणारी पोरं आधी हसतात.

शेवटची पाळी कधीची, असं तिने अश्विनीला विचारलं. अश्विनीने माझ्याकडे पाहिलं. मग मीच सांगितली. बाईने वहीत लिहून घेतली आणि परत एकदा माझ्याकडे बघितलं. ते बघणं मला आवडलं नाही.

१३ नोव्हेंबर

कुठेतरी खरं लिहायला हवं, म्हणून इथे लिहिते.

मागच्या खेपेला तिसरा लागल्या लागल्या मी गावभर सांगत सुटले. शाळेत, देवळात, पिठाच्या गिरणीवर सुद्धा. पाचव्यात गेलं. मुलगी होती. अश्विनी (इथे नुसतं अ. लिहिते) महिनाभर भिंतीकडे तोंड करून निजायची. मला कोणी एका शब्दाने बोललं नाही, पण मला माहीत आहे कोणाच्या तोंडामुळे दृष्ट लागली.

या खेपेला ठरवलं, चकवायचं. उपकेंद्रात नर्सबाईने तारीख विचारली, अ. तोंड उघडायच्या आत मीच बोलले, दहा मे. खरी दहा एप्रिल. बाया महिना चोरून सांगतातच, मी जगावेगळं काही केलं नाही. पण ते कार्डावर चढलं. कार्डाप्रमाणे फेब्रुवारीचा मध्य, खरं संक्रांतीच्या आसपास.

पुढे जिंतूरला बहिणीकडे नेऊन सोनोग्राफी केली, इथलं कोणी बघायला नको म्हणून. तर त्या कागदावर मशीनने बरोब्बर खरी तारीख काढली! तो कागद फाइलमधून काढून घेतला. ट्रंकेत आहे, शालूच्या घडीत. अ. ला म्हटलं, हरवला वाटतं. ती काहीच बोलली नाही.

तिचं हे काही न बोलणं मला कधी कळत नाही.

२० नोव्हेंबर

बाई आली, दार लावून घेतलं. दीड तास. "काकू, तुमीपण या की आत," म्हणाली, पण ते वरवरचं. मी मेथीची जुडी घेऊन मागच्या पडवीत बसले. तिथून खिडकी जवळ आहे. ऐकायला नव्हते बसले.

प्लास्टिकचं कमरेचं हाड आणि कापडी बाहुली घेऊन ती बाळ कसं फिरत खाली येतं ते दाखवत होती. कळ आली की उभं राहायचं, चालायचं, भिंतीला रेलायचं. पाठीवर आडवं पडलंच पाहिजे असं नाही. श्वास असा सोडायचा. डॉक्टरला प्रश्न विचारायचे, घाबरायचं नाही, हे कशासाठी, थांबलं तर चालेल का, असं विचारायचं. डॉक्टरला उलट विचारायचं!

मग मी ऐकलं ते असं. "आणि दिवस भरायच्या आधीच कळा आल्या, तर घरी थांबायचं नाही. गरज पडली तर नांदेडला पाठवतील. लय आधीचं बाळ असलं तर त्याला काचेत ठेवावं लागतं."

हातातली मेथी तशीच राहिली. संक्रांतीला कळा आल्या आणि दवाखान्याने कार्ड बघितलं, तर आठच महिने भरलेले दिसणार. भरल्या दिवसांची पोर आधीची म्हणून गाडीत घालतील. नांदेडपर्यंत, त्या रस्त्याने, कळा देत.

हे मला आधी सुचायला हवं होतं.

२७ नोव्हेंबर

अ. ची ओटी भरली. कार्डाप्रमाणे सातवा, म्हणून कार्यक्रम केला. खरा आठवा चालू आहे आणि आठव्यात करत नाहीत. आता माणसांच्या मोजणीने करायचं की देवाच्या? शेवटी माणसांच्या मोजणीने केलं आणि देवापुढे नाक घासलं.

शेजारची गंगूबाई ओटी भरता भरता म्हणाली, "पोट लय मोठं दिसायलंय गं मास्तरीणबाई. सातवा हाय का आठवा?" मी म्हटलं, जुळं तर नाही ना, अशी आम्हालाही शंका. काहीही बोलले. ती स्वाती तिथेच होती. चटकन म्हणाली, "काही बायकांचं दिसतं मोठं, मावशी." आणि गंगूबाईला शिरा वाढला.

माझ्या बाजूने ती का बोलली? काय माहीत आहे हिला?

५ डिसेंबर

परभणी. तपासणी. स्वाती दवाखान्यात आधीच येऊन बसलेली. अ. ची फाइल तिच्या हातात! आमच्या घरची फाइल. आत जाताना अ. म्हणाली, "आत्याबाई, तुमी जरा बाहेर बसता का?" चार बायांसमोर. बसले.

नंतर बोलावलं. डॉक्टरीणबाईंनी ठोके ऐकवले, म्हणाल्या, छान, सगळं वेळेवर चाललंय. वेळेवर? कार्डाप्रमाणे सातवा संपतोय. पूर्ण एका महिन्याचा फरक आणि हिच्या हाताला लागू नये? मी तोंड उघडलं होतं, खरंच उघडलं होतं. पण बाई एवढ्या गोड बोलत होत्या की राहिलं.

एक तर डॉक्टरीण कच्ची, नाही तर या दोघींचं साटंलोटं आहे. माझी जुनी विद्यार्थिनी मेडिकलवर असते, तिला स्वातीबद्दल विचारलं. "लय चांगल्या हायत बाई, माझ्याही टायमाला होत्या." म्हणजे सगळीकडे हात पसरलेत.

१२ डिसेंबर

ट्रंक उघडली. कागद आहे.

पण मी चौघडी करून ठेवला होता. आज तिघडी आहे.

तीनदा बघितलं. शालूला हात मी लावलेला नाही. घरात दोघीच, मी आणि अ. किल्ली माझ्या कमरेला असते, पण आंघोळीला जाताना खुंटीवर असते. जेवताना अ. ने मला कढी वाढली, पोळी वाढली, सगळं नेहमीसारखं. मी पण नेहमीसारखी. एकमेकींकडे न बघता जेवलो.

तिला माहीत असेल तर ती बोलत का नाही? आणि मी?

२३ डिसेंबर

आज मी फसले.

अ. ची पाठ दुखत होती. स्वाती पायमोज्यात दोन टेनिसचे चेंडू घालून तिच्या कमरेवर फिरवत होती. मला म्हणाली, "काकू, तुमी शिका. त्या दिवशी माझे हात दुखले तर?" बोलवलंच आहे तर गेले. शिकवता शिकवता तिने ते चेंडू माझ्याच कमरेवर फिरवले. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. आणि मग हळूच, "काकू, तुमच्या टायमाला कोण होतं संगं?"

म्हटलं, कोणी नाही. सिस्टर होती. ओरडले तर मांडीवर चापट मारली तिने, म्हणाली, आता कशाला रडते, सहन कर. महेशचे बाबा बाहेर. माझी आई बाहेर. कोणाला आत सोडलं नाही.

एवढं बोलून मला रडू आलं. अडतीस वर्षांनी! सुनेसमोर! अ. ने माझा हात धरला. स्वाती चेंडू फिरवत राहिली.

स्वाती गेल्यावर राग आला. हे बोलून घ्यायला तिला कोणी सांगितलं होतं? माणसाचं असं बाहेर काढून ठेवायचं आणि पुढे कधी वापरायचं, ही एक रीत असते. मी ओळखते.

२ जानेवारी

आज बोलायचं ठरवलं होतं. चहा टाकला. म्हटलं, अश्विनी. ती म्हणाली, काय आत्याबाई. आणि पोटावर हात ठेवून अशी बसली होती की...

म्हटलं, साखर कमी घातली आहे.

भीती वाटते. सांगितलं तर उद्या गावाला कळेल, कोणाचं तोंड कुठे पोचेल सांगता येत नाही. नाही सांगितलं तर नांदेड.

८ जानेवारी

आज दोघी कागद भरत होत्या. मी आत गेले तर अ. ने फाइल मिटली. स्वाती म्हणाली, दवाखान्यात द्यायचा आहे, अश्विनीला काय काय हवं नको त्याचा. मी विचारलं, कोण जाणार आत? एका वेळी एकच बाई सोडतात ना? स्वाती अ. कडे बघायला लागली. अ. खाली.

तर हे आहे. दार लावून दोन महिने हेच चाललं होतं. तिच्या बाळंतपणात माझी जागा घ्यायची. पोरीला मी कधी जड शब्द बोलले नाही. एक म्हणते नेहमी, बाईच्या जातीला सहन करावंच लागतं. ते खोटं आहे का?

१४ जानेवारी, संक्रांत

वाण लुटायला गंगूबाई आली. तिळगूळ हातावर ठेवताना अ. कडे बघून, "पोट खाली उतरलंय बाई. आज-उद्याचं काम हाय हे." मी म्हटलं, फेब्रुवारी. तिने नुसती मान हलवली.

ती गेल्यावर ट्रंकेतून कागद काढून पिशवीत ठेवला. झालं. उद्या सकाळी सांगणार. आधी अ. ला, मग फोनवर डॉक्टरीणबाईंना.

१५ जानेवारी. दवाखाना. बाकावर बसून लिहिते आहे, दुपारी सव्वादोन

सकाळी सात वाजता कळा. सांगायला वेळच राहिला नाही. शेजारच्याची गाडी, स्वाती थेट दवाखान्यात. वाटेत अ. चा हात माझ्या हातात, दाबायची आणि सोडायची, दाबायची आणि सोडायची, तोंडातून तो शिकवलेला श्वास. मी मनात एकच, नांदेड, नांदेड.

दारातच सिस्टरला धरलं. सगळ्यांसमोर म्हटलं, सिस्टर, कार्डावरची तारीख खोटी आहे. मी सांगितली खोटी. हिचे दिवस भरलेत, हिला नांदेडला पाठवू नका, हा बघा कागद. घाईत उघडताना कागद खाली पडला.

सिस्टरने फाइल उघडली. "आजी, तारीख तर आजचीच हाय की." फाइलीत पहिल्याच पानावर, लाल पेनाने, १५ जानेवारी. आणि मागे लावलेली जिंतूरच्या त्याच कागदाची रंगीत प्रत.

स्वाती बाहेर आली. "काकू, नोव्हेंबरातच डॉक्टरला सांगितलंय. अश्विनीने मला पहिल्याच दिवशी सांगितलं, मी म्हटलं, बाकी कोणाला नाही सांगितलं तरी चालंल, डॉक्टरला आजच. कागदाचा फोटो नंतर काढला, ट्रंकेतून."

मग मला का नाही सांगितलं?

"ती म्हणाली, आत्याबाईंचा जीव त्या तारखेत अडकलाय. गावाला फेब्रुवारीच सांगू. त्यांना वाटंल तेव्हा त्या बोलतील."

दोन महिने! ते बंद दार, ते डॉक्टरीणबाईंचं वेळेवर, ओटी भरताना गंगूबाईला वाढलेला शिरा. माझं खोटं या दोघींनी माझ्यासाठी सांभाळलं आणि मी पडवीत बसून मेथी निवडली. मला एवढी लाज वाटली आणि तेवढाच रागही आला. दोन महिने मी जेवले नाही नीट. सांगता आलं नसतं का एका शब्दाने? आणि असं सगळं माहीत असलेली सून घरात, म्हणजे आणखी काय काय माहीत असेल तिला?

स्वाती परत आत गेली. मी इथे. अ. चा आवाज येतोय मधून मधून. ओरडणं नाही, हुंकार. सिस्टर कोणी तिच्यावर ओरडत नाहीये. मी कान देऊन ऐकते आहे.

पावणेतीन

सिस्टर आता तो कागद घेऊन आली, अ. ने भरलेला. "सोबत कोण" असं छापलेलं, त्याखाली अ. चं गोल गोल अक्षर. आधी स्वातीताई. मग, बाळ यायच्या टायमाला, आत्याबाई. आणि कंसात, "सहन कर म्हणणार नसतील तर."

माझं अक्षर असतं तर मी खाडाखोड केली असती. तिने केलेली नाही. तारीख आठ जानेवारी.

सिस्टर म्हणते, बोलवायलेत तुम्हाला. म्हणणार नाही ना आजी?

दुसरं काय म्हणतात त्या वेळी, तेच आठवून बघते आहे. मला कोणी दुसरं काही म्हटलंच नव्हतं. पायमोज्यातले चेंडू स्वातीने बाकावर ठेवलेत, ते घेते. वही पिशवीत.