काजव्यांचा फोटो आणि तुमची तब्येत

सिद्धगड पायथा,
गुरुवार

तीर्थस्वरूप भगीरथमामांस,

भाचा शेखर याचा नमस्कार. तुमची तब्येत कशी आहे? आजवर हे मी रीत म्हणून विचारत आलो. आज उत्तर हवे आहे. मामींना नमस्कार सांगा. त्यांना कुणी काही कळवले असल्यास ते खरे नाही, हे त्यांना समोर दिसतच असेल. तुमचा फोन लागत नाही म्हणून हे पत्र. आमच्या गावातला जगन उद्या तुमच्या बाजूला कसाऱ्याला जातोय, त्याच्या हाती पाकीट बंद करून देतो.

काजवे बघायला येणारे पाहुणे पैसे घेऊन आमच्या पडवीत ठेवायचे देवकीने ठरवले, हे तुम्हाला ठाऊक आहे. गाद्या आल्या, उशा आल्या, पाहुणे आले नाहीत. काजवे जोराचा पाऊस लागेपर्यंतच. नंतर गाद्यांना बुरशी. म्हणून गेल्या साली तुम्ही आमच्या अंगणातून काढलेला काजव्यांचा फोटो फेसबुकवर टाकावा असे ठरले. फोटो फार मोठा आणि आमच्याकडे रेंज पाण्याच्या टाकीवर. मी चढलो. फोटो चढला नाही. शेजारची रोशनी मुरबाडला स्टुडिओत कामाला आहे. ती म्हणाली, "काका, साईज एकदाच कमी करा, मूळ फोटोवरनं. केलेल्यावर परत परत नका करू, फोटो मरतो." मी ऐकून घेतले. पण आपण भात पिकवणारी माणसे. तांदूळ उखळात एकदा सडून कुणी थांबते का? दुसऱ्या सडीला कोंडा जातो, तिसरीला दाणा मोत्यासारखा निघतो. मी लहान केलेला फोटो पुन्हा लहान केला, देवकीच्या फोनवर पाठवला, तिच्याकडून परत मागवला आणि आणखी एक हात दिला. ('डाग काढा' असे एक बटण होते. तेही दाबले. यंत्राच्या लेखी काजवा हा डाग आहे.) तांदूळ पांढरा निघतो, फोटो काळा निघाला. टाकीवर मला ते कळले नाही. उन्हात सगळेच फोटो काळे दिसतात.

दुसऱ्याची कला आपल्या नावावर खपवू नये, एवढे माझे शिक्षण झाले आहे. म्हणून खाली फक्त तुमचे नाव लिहिले: भगीरथमामा, उंबरमाळी. त्याखाली आमचा पत्ता आणि संपर्कासाठी माझा नंबर.

मी खाली उतरेपर्यंत अर्धा तालुका हळहळला होता. माझ्या कुठल्याही फोटोला आजवर एवढे हात जोडले गेले नव्हते. संध्याकाळी शहापूरहून मावशीचा काळूराम टेम्पोभर माणसे घेऊन आला. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून सोबत पिठले-भाकरीची टोपली. आमची चूल पेटलेली होती. तिच्यावर बोंबील होते.

"मामा जाऊन दिस नाय झाला, आन् बोंबील भाजतेस गो वयनी?"

"मामांना काय झालंय? ह्यांनी काजवं टाकलेत."

"कुठं हायेत काजवं? दाखव."

देवकीने फोन दाखवला. तो काळा चौकोन पाहून बायकांनी पुन्हा सुरुवात केली. मामा ठणठणीत आहेत, मी म्हणालो. "मंग लाव फोन," काळूराम म्हणाला. लावला. तुम्ही बॅटरी वाचवण्यासाठी फोन बंद ठेवता, हे शहापूरकरांना पटवणे मला जमले नाही. काळूरामने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि इतरांना सांगितले, "धक्का बसलाय रे त्याला. काय बोलू नका."

मग अंधार पडला आणि समोरच्या हिरड्यावर काजवे लागले. आधी एक झाड, मग बांधावरची सगळी. रडणे थांबले. पिठले तसेच राहिले. बऱ्याच वेळाने काळूराम म्हणाला, "मामाला लय आवडायचं ना रे हे?" मी हो म्हणालो. ते खरेच आहे.

शोकसभा रविवारी आमच्याच अंगणात ठरली. शहापूरची सगळी भावकी मुक्कामाला येते आहे, काजवे बघून सोमवारी सकाळी जाईल. गाद्या कमी पडतील म्हणून देवकीने शेजारून मागवल्या आहेत.

तुम्हाला उदंड आयुष्य लाभो. हेही या वेळी मनापासून.

तुमचा भाचा,
शेखर

ता. क. तुम्ही हयात असल्याचा एक फोटो तातडीने पाठवावा. हातात त्या दिवसाचे वर्तमानपत्र धरा. साईज कमी करू नका, ती मी इथे करीन.

ता. क. २. देवकी म्हणते, एवढी घाई नको. फोटो सोमवारी दुपारी आला तरी चालेल. तोवर फोन बंदच ठेवा. बॅटरी वाचेल.