राजाच्या मदतीला धावलेला काका

अथेन्स, पोसिदेओन महिना

तीर्थरूप फिलाग्रोसकाकांस,
फेदिमोसचा शि.सा.न.

इकडे क्षेम. द्राक्षदेवाच्या उत्सवात आम्ही वेदीभोवती फेर धरून गातो, त्या फेरातून मला बाहेर काढलंय. घाबरू नका, हाकललेलं नाही! मी मुखवटा लावून एकटा समोर उभा राहणार आणि राजा म्हणून गाणाऱ्यांना उत्तरं देणार. आजवर हे कवी स्वतःच करायचा. यंदा त्याचा घसा बसला आणि माझं नशीब उघडलं. राजा देवाला नगराबाहेर काढतो आणि शेवटी देवाचे भक्त त्याला घेरून मारतात. मरण्याचा सराव झकास चाललाय.

लोभ रागातही असू द्यावा.
आपला फेदिमोस


इकारिया, गामेलिओन महिना

चि. फेदिमोस यास अनेक आशीर्वाद आणि तेवढेच धपाटे.

तुझं पत्र ऐकताना काकूने मसुराची आमटी करपवली. आपल्या घराण्यात कोणी रांग मोडली नाही. लढाईतून पळालो तेही रांगेने! मेलेल्याचं तोंड लावून चारचौघांत मी राजा म्हणायचं, याला आमच्याकडे खोटं बोलणं म्हणतात. शेजारचा बकऱ्यावाला विचारतो, पुतण्या राजा झाला, आता तुमच्या गाढवालाही मुजरा करायचा का? उत्सवाला येऊन तुला कान धरून घरी आणतो.

कळावे, न कळल्यास काठी आहे.
तुझा काका


अथेन्स, एलाफेबोलिओन, उत्सवाच्या आधी

ती. काकांस शि.सा.न.

जरूर या, पण कान नंतर धरा. आमच्या मेळ्याचा खर्च करणारे आर्खिप्पोसशेठ तालमीला आले आणि राजा त्यांचा पूर्वज निघाला. आता हुकूम असा, की पूर्वज मरता कामा नये, देवानेच माफी मागावी. नाहीतर मला हाकलणार. कवी बरं म्हणाला आणि त्याने अंथरूण धरलं. मी मात्र कवीने रचलं तेच बोलणार. देवाच्या अंगणात देवाचा अपमान केला तर वेली वाळतात, हे तुम्हीच शिकवलंत.

आशीर्वाद असू द्यावा, लागेल.
फेदिमोस


अथेन्स, उत्सवानंतर

ती. काकांस शि.सा.न.

टेंगूळ उतरलं का? गर्दी आवरणाऱ्या काठीवाल्यांना काय ठाऊक तुम्ही कोण! भक्तांनी मला घेरलं, मी गुडघ्यांवर येऊन दया मागू लागलो आणि तुम्ही बाकावरून उडी टाकून माझ्यापुढे आडवे झालात. हा राजाबिजा कोणी नाही, आमचं पोरगं आहे, सोडा त्याला, असं थेट देवालाच बजावलंत. मुखवट्याआड मी खरंच रडलो, काका.

लोकांना वाटलं, हे खेळातलंच. प्रेक्षकांनी भरलेला सगळा डोंगरउतार हुंदके देत होता. पहिलं बक्षीस आम्हालाच! शेठजी डोक्यावर वेलीचा मुकुट चढवून सांगत फिरतायत, की पूर्वजाला मारणं आणि म्हाताऱ्याला धाडणं, दोन्ही कल्पना त्यांच्याच. कवी तर ताडकन बरा झाला. पुढच्या वर्षी त्याला राजासमोर बोलणारा दुसरा माणूस हवाय. त्याने तुम्हाला विचारलंय.

माया अशीच मधे पडू द्यावी.
फेदिमोस


इकारिया, मुनिखिओन महिना

चि. फेदिमोस यास आशीर्वाद.

टेंगूळ आहे. काकू ते येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवते. कवीला सांग, येईन. पण पाठ केलेलं बोलणार नाही.

काकू चिडवते, की पोर खेळात मरणार हे पत्रात कळलं होतं, मग धावलात कशाला? कळलं होतं गं, म्हटलं. पाहिलं नव्हतं.

तुझा काका