पूजेत राहिलेली बाटली

शहापूर, मंगळवार

तीर्थस्वरूप महादूमामांच्या चरणी भाचा धनेश याचा दंडवत.

पत्र अशासाठी की, फोनवर हे सांगायला गेलो असतो तर तुम्ही निम्म्यात हसून फोन मामीकडे दिला असता. इकडे सर्व ठीक (हे फक्त रीत म्हणून लिहिलं आहे). तुमची तब्येत कशी आहे? दोन्ही वेळचं जेवण नीट जातं ना? कंबरेचा पट्टा अजून त्याच भोकात लागतो ना? मनापासून विचारतोय.

तुम्ही भातगिरणीवर येणाऱ्या प्रत्येकाला सांगता की आमचा भाचा शहापूरच्या कॉलेजात संशोधन करतो. मामा, संशोधन नम्रता मॅडम करतात. मी बाटल्या धुतो, नळ्यांवर नंबर टाकतो आणि कोणी पाहुणा आला की पांढरा कोट चढवून गंभीर चेहरा करतो. मॅडमचा विषय लेप्टिन. म्हणजे अंगातली चरबी मेंदूला जो निरोप धाडते तो, की साठा भरपूर आहे, आता खाणं आवरा. (तुमच्या चरबीनं आजवर किती निरोप धाडले असतील, पण वर कोणी ऐकून घेत नाही. मॅडम म्हणतात असं पुष्कळांचं होतं, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका.) डोळखांबकडची माणसं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात. जाण्याआधी त्यांच्या रक्तात लेप्टिन किती आणि परतल्यावर किती, हे मॅडमना मोजायचं आहे. त्यासाठी लागते अँटिबॉडी. सशाच्या अंगात तयार करून घेतलेली ही वस्तू रक्तातल्या हजार गोष्टींतून नेमकं लेप्टिन ओळखून त्याला चिकटते, मग वरून आणखी औषधं घातली की पिवळा रंग येतो. रंग जितका गडद, तितकं लेप्टिन जास्त. नखाएवढ्या बाटलीत जेमतेम दोन थेंब, आणि ठेवायची उणे वीस अंशांवर.

ही बाटली दोन महिने वाट बघायला लावून आली ती नेमकी खंडेनवमीच्या सकाळी. आपल्याकडे त्या दिवशी कोयता, नांगर, विळे पूजतात, तसं मी दरवर्षी प्रयोगशाळेत सगळं मांडतो. सूक्ष्मदर्शक, तराजू, नळ्या फिरवायचं यंत्र, इतकंच काय, जमीन पुसायचा मॉपसुद्धा. (त्याच्यावर माझं पोट आहे.) ती आली तो थर्माकोलचा खोका उघडला आणि मनात आलं, मॉपला झेंडूचं फूल आणि एवढ्या मोलाच्या वस्तूला काहीच नाही? बाटली काढली आणि केळीच्या पानावर तांदळाच्या राशीत मधोमध बसवली. म्हटलं, पाच मिनिटांचं तर काम. मग आरती झाली, पेढे वाटले, कोणीतरी फोटो काढला, त्यात मी पुढं. निघताना जबाबदारीची जाणीव इतकी दाटून आली की थर्माकोलचा खोका बर्फाच्या पिशव्यांसकट नीट बंद केला, त्यावर ‘कोणीही हात लावू नये – धनेश’ अशी चिठ्ठी चिकटवली आणि फ्रीजरमध्ये ठेवून कुलूप घातलं. रिकामा खोका, मामा! तीन दिवस उणे वीसला सुखरूप राहिला.

मी तिकडे डोळखांबला घरोघर सोनं वाटत फिरत होतो. वाटेत भागीआजी भेटली. पंधरा दिवसांपूर्वी रक्त द्यायला हिला मीच तयार केलं होतं. ती म्हणाली, “मना सुईचा लय भ्याव वाटतो, पन तू घरचा म्हनून दिलाय. माजा रगत फुकट नको घालवू रे.” मी छाती पुढं काढून सांगितलं, आजी, माझ्या हातात आहे म्हटल्यावर काळजी नाय.

काल सकाळी सुकलेले झेंडू उचलताना बाटली हाताला लागली. ऑक्टोबरच्या उकाड्यात तीन दिवस राहून ती माझ्या तळहाताइतकी कोमट झाली होती. ती तशीच उचलून फ्रीजरमध्ये ठेवली. चाळीस माणसांचं रक्त फ्रीजरमध्ये आहे, प्रत्येकाचं एकदा मोजण्यापुरतंच. बाटली मेली असेल आणि तिच्यावरच मोजलं, तर सगळ्यांचं वाया जाईल आणि भागीआजीला मला तोंड दाखवता येणार नाही. मॅडमना अजून सांगितलेलं नाही. नोकरीची भीती आहेच, पण त्यांनी विश्वासानं फ्रीजरची किल्ली दिली आहे, त्याची लाज जास्त वाटते.

मामीला नमस्कार. पत्र जयरामच्या जीपमधून पाठवतो आहे.

तुमचा आज्ञाधारक,
धनेश

ता. क. बाटली जिवंत आहे का हे बघायला दोन माणसांचं रक्त शेजारी शेजारी लावून पाहावं लागेल. एक लेप्टिन कमी असलेला माणूस. तो मी, काटकुळा. दुसरा असा हवा की ज्याच्या रक्तात लेप्टिन भरभरून असणार याबद्दल कोणाच्याही मनात शंका येऊ नये. मी सगळं खानदान डोळ्यांखालून घातलं, मामा. दुसरं नाव सुचलंच नाही.

दुसरा ता. क. मामी आईला सांगत होत्या की तुम्ही आठवड्यापासून पहाटे चालायला जाता आणि भात सोडलाय. कृपा करून गुरुवारपर्यंत थांबा. त्यानंतर हवे तेवढे बारीक व्हा.

तिसरा ता. क. जीप भरायला अजून अर्धा तास आहे असं जयराम म्हणाला, तेवढ्यात धीर करून मॅडमना सगळं सांगून आलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “धनेश, त्या बाटलीला हळदकुंकू मीच वाहिलं होतं.” आणि लगेच विचारलं, “मामा नक्की येतील ना?” तेव्हा आता ही विनंती माझ्या एकट्याची राहिलेली नाही. आजवर आपल्या घरात कोणी कोणाला असं बोलावणं धाडलं नसेल, पण गुरुवारी पहिल्या जीपनं, चहासुद्धा न घेता, उपाशी या.