बँकॉकात मी हात जोडले

बा, मी ब्रह्मदेवाला हात जोडले. तुला जाऊन चाळीस वर्षं झाली, तरी ही गोष्ट आधी तुला सांगावी असं वाटलं, कारण बाकीच्यांना सांगितली की ते माझीच समजूत काढत बसतात. विहारातल्या बाया म्हणतात, मावशी, चुकून झालं, सोडून द्या आता. सगळं चुकूनच झालं असतं तर मी चौथीपर्यंतच्या अक्षरात कागद खराब करत बसले नसते.

लातूरच्या आमच्या विहारातल्या अकरा बाया थायलंडला निघाल्या आणि लेकानं मला परस्पर त्यांच्यात घातलं. मला लगेच शक आला. म्हातारीला एवढ्या लांब कोणी प्रेमानं धाडत नाही. नातीचं दोनदा पोट पडलेलं, तिसऱ्या खेपेला माहेरी आलेली, सातवा लागलेला. माझी पाठ वळली की सूनबाई लेकीसाठी कुठं तरी नवस बोलून येणार, हे मी ओळखून होते. महिन्याआधीच तिनं जत्रेतल्या देवीचा नारळ तांदळाच्या डब्यात लपवलेला मला सापडला होता. मी तो फोडला, चटणी केली आणि तिलाच वाढली. म्हटलं, "माझ्या बापानं नागपूरहून येऊन घरातले देव गोदावरीत सोडले, ते काय तू डब्यात भरून आणावेत म्हणून?" ती खाली मान घालून जेवली. तेव्हा मला वाटलं, बरी जिरली.

बँकॉक शहर दाखवायला एक गाईडबाई होती, हातात पिवळी छत्री, हिंदी सगळी टीव्हीवरून शिकलेली. सकाळीच म्हणाली, पासपोर्ट द्या, मी सांभाळते. मी दिला नाही, पोलक्यात ठेवला तो ठेवला. त्या गावात जो तो हात जोडतो, हॉटेलातली पोरगी जोडते, बसचा ड्रायव्हर जोडतो. आम्ही सगळ्या पांढऱ्या लुगड्यात. एक चांगला टाय लावलेला माणूस रस्त्यात थांबून मला वाकला. मी पदर आवळला आणि आमच्यातल्या मास्तरीणबाईला म्हणाले, "हा का वाकून राहिला गं? ह्याला काय पायजे?" ती हसली, "मावशी, पांढरं नेसल्या बाया इथं धम्माच्या समजत्यात. तुमाला भिक्खुणी समजला असंल." मी म्हटलं, "समजू दे, पण थैलीवर ध्यान ठेव."

मग निजलेले भगवान पाहिले. बा, नुसता पायाचा तळवाच आपल्या गिरणीच्या खोलीपेक्षा मोठा. आम्ही तिथं त्रिशरण म्हणायला लागलो, तर शेजारची एक तिथलीच म्हातारी आमच्या सुरात सूर मिळवून तेच म्हणायला लागली. अक्षर ना अक्षर तेच. मी तिच्याकडं बघतच राहिले. हिला कोणी शिकवलं? तिनंही माझ्याकडं तसंच बघितलं. तिलाही माझा शक आला असणार. सगळ्या सहलीत मला पटलेली ती एकच बाई.

दुपारी बसमध्ये घरचे धपाटे खाल्ले, कारण तिथल्या वाटीत काय पोहत होतं ते गाईडबाईलाही धड सांगता येईना. नंतर तिनं एका चौकात उतरवलं. चहूकडं काचेची उंच दुकानं, मधे कठड्याच्या आत सोन्यासारखी चकाकणारी मूर्ती, उदबत्त्यांचा धूर, झेंडूच्या माळा, एका कडेला मुकुट घातलेल्या पोरी नाचत होत्या. गाईडबाई म्हणाली, "माताजी, ये बहुत पावरफुल. जो मांगेगा, मिलेगा." बायांनी सोनं पाहिलं आणि भगवान समजून धडाधड हात जोडले. आमच्यातल्या नर्सबाईनं फोटोही काढला.

तेवढ्यात मास्तरीणबाई किंचाळली, "अगं बाई, ह्याला तोंडं किती हायेत बघा की!"

गाईडबाई खूश होऊन म्हणाली, "चार! ब्रह्मा! इंडिया से आया. आपका ही तो है!"

"आमचा न्हाई!" अकराच्या अकरा जणी एकदम ओरडल्या. नाचणाऱ्या पोरीसुद्धा थबकल्या. बसमध्ये चढल्याबरोबर मास्तरीणबाईनं सगळ्यांना त्रिशरण, पंचशील आणि बावीसच्या बावीस प्रतिज्ञा म्हणायला लावल्या. नर्सबाईनं शपथ घेऊन फोटो पुसला. पुसला का नाही, कोण जाणे. मी अजून तिच्या फोनकडं बघते.

बसमध्ये त्या प्रतिज्ञा म्हणताना मला तू दिसत होतास. मी तिसरीत आहे, परीक्षेचा दिवस आहे, गिरणीच्या फाटकाजवळच्या देवळासमोर मी डोळे मिटून उभी आहे, आणि तू पाळी संपवून येतोस. मारत नाहीस. कोळशाचं टोपलं माझ्यापुढं ठेवतोस आणि म्हणतोस, "हात तसेच जोडून ठेव. आता उचल." मी मनगटांनी रेटते, कोपरांनी रेटते, टोपलं हलत नाही. लोक हसतात. "सोड हात, मंग उचल," म्हणतोस, आणि टोपल्याला दुसऱ्या अंगानं हात लावतोस. त्या दिवसापासून साठ-पासष्ट वर्षं मी कुठल्या देवापुढं हात जोडले नव्हते. लोकांच्या जोडलेल्या हातांवर मात्र नजर ठेवली.

आता ते सांगते जे बसमध्ये सांगितलं नाही. बाया हात जोडत होत्या तेव्हा मी जोडले नव्हते. मी कुठलीही वस्तू चहूबाजूंनी बघितल्याशिवाय घेत नाही, तशीच कठड्याला धरून मूर्तीभोवती फिरले. एक तोंड, दोन, तीन, चार. मास्तरीणबाईच्या आधी मला कळलं होतं. ज्याला मानायचं नाही म्हणून तू पहिलीच प्रतिज्ञा माझ्याकडून घोकून घेतलीस, तोच हा. मी ती प्रतिज्ञा मनात पुरी म्हटली. मग हात जोडले आणि नातीचं नाव घेतलं.

नातीला आता नववा लागला आहे. परवा सूनबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "आत्याबाई, खरंच चुकून जोडले का हो?" मी म्हटलं, "तर काय. डोळे गेलेत माझे." तिनं माझ्याकडं नीट बघितलं, मी इतरांकडं बघते तसं, आणि पुन्हा खडे वेचायला लागली. हा कागद तुझ्या फोटोमागं सारून ठेवणार होते. पण तो फोटो रोज सूनबाईच पुसते.